वहीतला शब्द तोंडात कसा आला? तुमचे अनुभव

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधीच्या आपल्यासारख्यांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. वही मात्र सगळ्यांची सारखीच: मधोमध रेघ, डावीकडे स्पेलिंग, उजवीकडे अर्थ. त्या रेघेपलीकडे कोण कसं गेलं, ते लिहा. ॲपची यादी नको, एखादा शब्द आणि तो कसा आपलासा झाला ते हवंय.

लातूर
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 'बॉरो' आणि 'लेंड'चे अर्थ विचारले की मुलं 'उसनं घेणं', 'उसनं देणं' असं धडाधड सांगतात. वाक्य करा म्हटलं की गाडी अडते. आपल्याकडे 'उसनं' एकच, पुढचं घेणं-देणं काय ते बदलतं. म्हणून मी वर्गात पेन्सिली फिरवायला लावल्या. एकाने म्हणायचं 'कॅन आय बॉरो युवर पेन्सिल?', दुसऱ्या बाकावर 'विल यू लेंड मी युवर पेन्सिल?' वाक्य बरोबर असेल तरच पेन्सिल मिळणार. नंतर नवा खेळ, कोणी कोणाकडून घेतली ते तिसऱ्याने सांगायचं. 'फ्रॉम' आणि 'टू' त्यातच बसले, नियम फळ्यावर लिहावाच लागला नाही. एक आहे, वर्गात आरडाओरडा फार होतो. शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावून जातात.

पुणे
बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय. अभ्यासिकेत प्रत्येकाकडे समानार्थी शब्दांची पीडीएफ असते, आणि माझ्या मते तिथेच घोळ आहे. 'स्लिम' आणि 'स्किनी' दोन्ही बारीकच, पण पहिलं कौतुक आणि दुसरा बहुधा टोमणा. क्लोज टेस्टमध्ये, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नात, पर्याय असे जवळजवळचेच असतात. मी कार्डावर वाक्य लिहितो, शब्दाच्या जागी रिकामी रेघ, उत्तर मागे. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात मांडलेली डब्यांची पद्धत वापरतो: उत्तर आलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला डबा रोज, शेवटचा क्वचित. डबे म्हणजे मिठाईचे रिकामे खोके.

नागपूर
निवृत्त आहे, वेळ भरपूर. तरुण मंडळींनो, इंग्रजी-मराठी कोशावर थांबू नका. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी वेगळे कोश असतात. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत, त्यांचा असा कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला. क्रियापदापुढे वाक्य कसं चालतं, तेही त्यात दाखवलेलं होतं. ही गोष्ट साधी वाटते. पण 'मला समजाव' या आपल्या सवयीने 'एक्सप्लेन मी' तोंडात येतं, आणि 'एक्सप्लेन इट टू मी' हे नुसत्या अर्थावरून कधीच कळत नाही. पुढे 1978च्या लाँगमन कोशात अर्थ सुमारे 2000 सोप्या शब्दांतच दिले. 1987च्या कोबिल्ड कोशात तर अर्थच पूर्ण वाक्यात सांगितलेला असतो. मला स्वतःला तोच आवडतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळाला तर सोडू नका.

लीड्स, इंग्लंड
नागपूरच्या काकांना एक पुरवणी. कोशाला आवाज नसतो. इथे साहेब 'क्वाइट गुड' म्हणाले तर ते बरेचदा 'ठीक आहे' इतपतच असतं, आणि 'नॉट बॅड' म्हणाले तर खूश व्हायचं. शेजारीण संध्याकाळी 'टी'ला बोलावते तेव्हा चहा नव्हे, जेवण असतं. उत्तर इंग्लंडात बरेच लोक असंच बोलतात. पोट रिकामं ठेवून जा.

चिपळूण
माझा गुरू म्हणजे क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री. 'एज्ड अँड टेकन' (बॅटची कड लागून झेल) ऐकलं तेव्हा चेंडू किपरच्या हातात दिसत होता, अर्थ कोणाला विचारायचा? 'नज', 'ग्लान्स', 'योर्कर' सगळं तसंच आलं. पण या भांडवलावर बँकेला पत्र लिहिता येत नाही. त्यासाठी तुम्ही लोक काय वाचता?