बांगडीने काढलेल्या वर्तुळाचं केंद्र दोन जीवांनी का सापडतं?

नववीची_आई
मुलगी नववीत, स्टेट बोर्ड. बांगडी ठेवून वर्तुळ काढायचं आणि केंद्र शोधायचं असा होमवर्क आहे. दोन जीवा (वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेघा) काढ, दोघींचे लंबदुभाजक (जीवेच्या मधोमध काटकोनात जाणारी रेघ) काढ, छेदतात तिथे केंद्र, हे तिला पाठ आहे आणि काढतेही बरोबर, पण असं का होतं विचारलं की गप्प. मला पण नीट सांगता येईना. एका जीवेवर का भागत नाही?

क्लासवाले_सर
ताई, फॉर्म्युल्यासारखं पाठ नका करून घेऊ, गोष्ट एकच आहे. केंद्रापासून जीवेची दोन्ही टोकं सारख्या अंतरावर, कारण दोन्हीकडे त्रिज्याच. आणि दोन टोकांपासून सारख्या अंतरावर असलेला कुठलाही बिंदू लंबदुभाजकावरच सापडतो, म्हणजे केंद्र त्या रेषेवर आहे हे पक्कं, पण रेषेवर नेमकं कुठे ते कळत नाही म्हणून दुसरी जीवा, दोन्ही रेषांवर असणारा बिंदू एकच. फक्त जीवा समांतर घेऊ देऊ नका, दोघींचा लंबदुभाजक एकच येतो. जवळजवळ समांतर असल्या तरी पेन्सिलच्या जाडीने केंद्र सरकतं. एकमेकींना साधारण काटकोनात असतील अशा मोठ्या जीवा घ्यायला सांगा.

भूमितीप्रेमी
सरांचं बरोबरच आहे, पण एका जीवेवरही भागतं! लंबदुभाजक दोन्हीकडे वर्तुळाला लागेपर्यंत वाढवा. तो केंद्रातून जातो म्हणजे तो व्यास झाला, त्याचा मध्य काढा, तेच केंद्र. युक्लिडने वर्तुळाची प्रमेयं सुरू केली तीच या रचनेपासून, आणि त्याने एकच जीवा घेतलीय.

नववीची_आई
अरे वा, हे कळलं लगेच! मग पुस्तकात दोन कशाला घेतात?

भूमितीप्रेमी
फुटक्या बांगडीचा लहानसा तुकडा घ्या म्हणजे दिसेल. समोरची बाजूच नाही, व्यास पुरा करणार कुठे? तिथे दोन जीवाच लागतात. जुन्या खापराच्या कडेवरून मडक्याचं तोंड केवढं होतं तेही असं काढता येतं. मुलीला आज तुकडाच द्या, कंस काढू दे, केंद्र शोधू दे आणि मग कर्कटकाने वर्तुळ पुरं करू दे. अख्खी बांगडी त्यावर ठेवून बघा बसते का.

क्लासवाले_सर
हो, आणि लंबदुभाजकाचे कंस पुसू नका म्हणावं, रचनेला त्याचे मार्क असतात.