पुतळे सोडा, बंगला बघा

‘स्वित्झर्लंडमधलं चार्ली चॅप्लिनचं म्युझियम म्हणजे नुसते मेणाचे पुतळे आणि सेल्फी’ हे कुणीतरी मांडलेलं मत अर्धंच पटलं. स्टुडिओच्या भागात तसंच आहे. त्याच्या ‘द गोल्ड रश’ सिनेमातली कलणारी झोपडी पोरांना आवडते, बाकी जत्राच. पण शेजारचा बंगला खरा आहे. १९५२ मध्ये अमेरिकेने परतीचा परवाना रद्द केला, तेव्हा चॅप्लिन स्वित्झर्लंडला आला आणि वेव्हेजवळच्या या घरात २५ डिसेंबर १९७७ ला मृत्यू होईपर्यंत राहिला.

तिथवर गेलात तर कॉर्सिए गावच्या दफनभूमीतही डोकावाच, तिथे त्याची कबर आहे. मार्च १९७८ मध्ये चोरट्यांनी खंडणीसाठी त्याची शवपेटीच पळवली होती! बायकोने, ऊनाने, पैसे द्यायला साफ नकार दिला. मे महिन्यात पेटी नोव्हिल गावाजवळच्या शेतात पुरलेली सापडली. परत पुरताना मात्र चक्क काँक्रीट ओतलं.