मोठेपणी घेतलेलं खेळणं: खोकं उघडायचं की नाही?

लाकडी_घोडा

जुन्या डाय-कास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेल्या, खेळण्यातल्या गाड्यांवर बोलणं चाललं होतं, तेव्हा एकाने मला सरळ सुनावलं, "खोकं फोडलंत तिथेच किंमत गेली. आता ती नुसती गाडी राहिली." वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या मते खोकं फोडल्यावरच ती गाडी झाली. लहानपणीची खेळणी मोठेपणी शोधून मिळवण्यात काही गैर नाही, मीही मिळवतो. पण मिळवलेलं खेळणं सीलबंद ठेवायचं, त्यावर आणखी एक पारदर्शक डबा चढवायचा आणि कपाटात उभं करायचं, याला खेळण्यावरचं प्रेम म्हणायला माझं मन तयार होत नाही. आपल्याला नेमकं आठवतं काय? चावी पिळताना बोटांना जाणवणारा स्प्रिंगचा ताण. शेवटच्या वेढ्याला चावी अडते आणि अजून थोडी पिळू की नको असं होतं. जमिनीवर सोडली की गाडी आधी सुसाट सुटते, मग घरघर हळूहळू जड होते आणि ती कुठेतरी भिंतीला नाक लावून थांबते. हे सगळं हाताला आणि कानाला आठवतं. खोक्याच्या खिडकीतून त्यातलं काहीच मिळत नाही.

डोनल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. लहान मूल एखादं कापडी अस्वल किंवा चादरीचा तुकडा सतत जवळ बाळगतं, त्याबद्दलची मांडणी त्यांनी १९५१ मध्ये केली. त्यातलं एक निरीक्षण मला फार पटतं. ती वस्तू मळते, तिला वास येतो, तरी आई ती धुवायला धजत नाही. धुतली तर मुलाच्या अनुभवाचा धागाच तुटेल हे तिला कळतं. मूल त्या वस्तूला कुरवाळतं तसंच ओरबाडतंही, आणि वस्तूने ते सगळं सोसून टिकायचं असतं. खेळण्याशी आपलं नातं असं जुळतं. मग मोठेपणी त्याच खेळण्याला बोटाचा ठसाही लागू द्यायचा नाही, हे कुठलं प्रेम?

लेगोचे ठोकळे घ्या. आजच्या जोडणीचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. इतकी वर्षं ते माप सांभाळलं गेलं ते कशासाठी? जोडता यावं म्हणूनच ना?

पुठ्ठा_आणि_पत्रा

सुनावणारा मीच, त्यामुळे उत्तर द्यायला हवं.

चावीचं वर्णन वाचून मलाही हात लावावासा वाटला, हे खरं. पण तुम्ही फक्त तुमच्यापुरतं बोलताय. खेळणं म्हणजे आतली वस्तू एवढंच नसतं. खोक्यावर कोणाचं चित्र आहे, मुलाचं की मुलीचं? वय काय लिहिलंय? आतल्या कागदावर खेळायचे नियम काय दिलेत, कोणते भाग वेगळे विकत घ्यावे लागत? एखाद्या काळात मुलांकडे कसं पाहिलं जात होतं, ते खेळण्याइतकंच त्या पुठ्ठ्यावर वाचता येतं. आणि पुठ्ठाच सगळ्यात आधी केरात जातो.

उदाहरण देतो. 'स्टार वॉर्स' हा सिनेमा १९७७ च्या मे महिन्यात आला, तेव्हा खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीच्या बाहुल्या तयारच नव्हत्या. म्हणून त्या नाताळात कंपनीने पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत बाहुल्या नाहीत, प्रमाणपत्र. ते टपालाने पाठवायचं आणि पुढच्या वर्षी चार बाहुल्या घरपोच येणार. मुलांनी अर्थातच ते पाठवून दिलं. त्या चार बाहुल्या आजही शोधल्या की मिळतात. प्रमाणपत्रासह शाबूत पाकीट मात्र विरळा. कोणीतरी ते न वापरता ठेवलं, म्हणून नाताळला रिकामं पाकीट विकलं गेलं ही गोष्ट आज हातात धरून दाखवता येते.

जगातल्या जवळजवळ सगळ्या मुलांनी आपापली खोकी उघडलेलीच आहेत. तुमच्या बाजूने कोट्यवधी माणसं आहेत. माझ्यासारख्या काहींना बंद ठेवू द्या.

रिकामी_फळी

तुम्ही दोघंही गृहीत धरताय की खेळणं आधी होतं आणि मग हरवलं. माझ्याकडे ते नव्हतंच.

दुसऱ्यांच्या घरी दिसायचं. "हात लावू नकोस, मोडेल" हे वाक्य मी खेळण्यापेक्षा जास्त ऐकलंय. आज मी तीच बाहुली घेते, तेव्हा मला कसलीही आठवण परत आणायची नसते. मला ती नवीकोरी हवी असते, जिच्या केसांतून आधी कोणाचा कंगवा फिरलेला नाही अशी. काही बाहुल्या मी उघडल्या, काही नाही. बंद खोकं मांडीवर घेऊन 'हे मी वाटेल तेव्हा उघडू शकते' असं म्हणण्यात जे सुख आहे, ते ज्यांना लहानपणी उघडायला मिळालं त्यांना कदाचित समजणार नाही. लाकडी_घोडा, याला प्रेम म्हणायचं की नाही हे तुम्ही ठरवू नका, ही विनंती.

काचेची_पेटी

वस्तुसंग्रहालयात जतनाचं काम करते, म्हणून थोडं तांत्रिक लिहिते. 'खोक्यात आहे म्हणजे सुरक्षित आहे' ही समजूत दोन्ही बाजूंनी मान्य करून टाकलेली दिसते. ती खरी नाही. खेळणं कशाचं आहे, यावर सगळं ठरतं.

मऊ बाहुल्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. वर्षांनुवर्षं तो पृष्ठभागावर येत राहतो आणि बाहुली चिकट लागते. अशा वस्तूला बंद डबा बराच मानवतो, कारण प्लास्टिसायझर उडून जाण्याचा वेग कमी होतो. सेल्युलॉइड या जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या प्लास्टिकचं अगदी उलट. ते विघटित होताना आम्लधर्मी वायू सोडतं आणि कोंडून ठेवलं तर त्याच वायूंनी आणखी लवकर झिजतं. त्याला हवा खेळती लागते आणि आगीपासून जपावं लागतं. म्हणजे एकाच कपाटात, एकाच प्रकारच्या डब्यात दोन्ही बाहुल्या ठेवल्यात तर एकीचं नुकसान नक्की.

गाड्यांचं सांगते. मऊ टायर कडक पॉलिस्टायरीनला टेकून राहिला की टायरमधला प्लास्टिसायझर त्या प्लास्टिकमध्ये उतरतो. खोकं कधीच उघडलेलं नाही, गाडी हललेली नाही, आणि टायर टेकला होता तिथे प्लास्टिक विरघळून अर्धगोल खड्डा पडलेला, हे मी पाहिलंय. जस्ताच्या जुन्या गाड्यांना तर 'झिंक पेस्ट' (zinc pest), म्हणजे जस्ताची कीड, लागते. मिश्रधातूत शिसं वगैरे अशुद्धी राहिली असेल तर धातू आतून तडकत जातो, फुगतो आणि शेवटी हातात भुगा येतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या 'डिंकी' या ब्रँडच्या गाड्यांमध्ये हे बरंच आढळतं. याला उपाय नाही. कोरडी, थंड, स्थिर हवा दिली तर वेग कमी होतो, इतकंच.

एक कळकळीची सूचना: उघडा किंवा बंद ठेवा, पण बॅटऱ्या काढा. अल्कलाइन बॅटरी गळली की आत पांढरा थर चढतो. हातमोजे घालून, कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून तो निघतो, पण त्याने बॅटरीला टेकणारी धातूची पत्री खाऊन टाकली असेल तर खेळणं बंद पडतं.

लाकडी_घोडा

काचेची_पेटी, मनापासून आभार. पण मग माझाच मुद्दा बळकट झाला की! उघडलं नाही तर टायर खड्डा पाडतोय हे कळणार कसं? जो हाताळतो त्याला चिकटपणा वेळेत समजतो.

रिकामी_फळी, तुमच्याशी मी वाद घालणार नाही. माझा रोख तुमच्यावर नव्हता. एकाच गाडीची दहा खोकी घेऊन बसणाऱ्यांवर होता आणि अजूनही आहे.

काचेची_पेटी

हाताळणं आणि तपासणं यात फरक करा. हाताचा घाम आणि तेल रंगाला, पत्र्याला बाधतं. चावीच्या खेळण्यातलं जुनं तेल वाळून डिंकासारखं झालेलं असताना जोर लावून चावी पिळली, तर दाते तुटतात. उघडा, पण आधी साफसफाई, मग खेळ.

बाजाराचा_अभ्यासक

मला हा सगळा प्रकारच संशयास्पद वाटतो, उघडलेला काय आणि बंद काय. ही ओढ तुमच्या मनात आपोआप आली असं वाटतंय, पण ती तयार करून विकली जाते. बीनी बेबीज आठवा. टाय कंपनीने १९९३ मध्ये हे छोटे प्राणी आणले, मग एकेक नमुना 'निवृत्त' करत टंचाई निर्माण केली. माणसांनी कानाच्या चिठ्ठीला प्लास्टिकचं कवच घालून ते जपले, मुलांच्या शिक्षणाची तरतूद समजून साठवले. दशक सरता सरता बाजार कोसळला. लाखो प्राणी एकाच वेळी 'दुर्मीळ' म्हणून जपले गेले, तर दुर्मीळ राहतील कसे?

पुठ्ठा_आणि_पत्रा यांनी दिलेल्या पाकिटाला मोल आलं, कारण ते जपायला हवं असं तेव्हा कोणाला वाटलंच नव्हतं. आज मोठ्यांसाठी म्हणूनच बनणारी खेळणी पहिल्या दिवसापासून जपली जातायत. लेगोने २०२० पासून खोक्यांवर १८+ छापायला सुरुवात केली, यावरून गिऱ्हाईक कोण आहे ते समजा.

दोन_पोरांची_आई

बाजाराचा_अभ्यासक यांना माझा दुजोरा. शिवाय साठेबाज अख्खा माल उचलतात आणि ज्याच्यासाठी गाडी बनली ते पोर रिकाम्या हाताने परत येतं, हे मला सहन होत नाही.

पण लाकडी_घोडा, जुनं खेळणं उघडून लगेच मुलांच्या हाती देऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेतसुद्धा शिसंयुक्त रंगाच्या खेळण्यांवर बंदी आली ती १९७८ मध्ये. लहान मूल आधी तोंडात घालतं, मग खेळतं.

पुठ्ठा_आणि_पत्रा

साठेबाजीचा मीही विरोधक आहे. दहा खोकी साठवणाऱ्याच्या पंक्तीत मला बसवू नका. माझ्याकडे प्रत्येक गोष्ट एकच आहे. आणि किंमत म्हणालो तेव्हा मला पैसे अभिप्रेत नव्हते. मी काहीही विकत नाही.

बाजाराचा_अभ्यासक, टंचाईचं गणित पटलं. पण ओढ विकली जाते म्हणून ती खोटी ठरत नाही. ज्या गाडीसाठी मी लहानपणी रडलो, तिच्यासाठी मला कोणत्याही जाहिरातीने रडवलं नव्हतं.

बाजाराचा_अभ्यासक

जाहिरात तेव्हाही होती. तुम्ही लहान होतात, इतकंच.

लाकडी_घोडा

अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या द स्ट्राँग संग्रहालयात खेळण्यांचं एक सन्मानदालन आहे. तिथे २००५ मध्ये साधं पुठ्ठ्याचं खोकं आणि २००८ मध्ये काठी दाखल झाली. दोन्हींची जाहिरात कोणी केली नव्हती, आणि त्यांच्याशी न खेळलेलं मूल सापडणार नाही. बाजार ओढीचा फायदा उठवतो हे मान्य, ओढ बाजाराने जन्माला घातली हे अमान्य.

शिशाचा मुद्दा लक्षात ठेवीन. माझ्याकडची जुनी पत्र्याची खेळणी मोठ्यांच्याच हातात राहतील. पण राहतील हातातच. पुढच्या आठवड्यात एक बंद आगबोट येतेय, ती मी उघडणार आहे.

पुठ्ठा_आणि_पत्रा

उघडायचीच असेल तर निदान सहाही बाजूंचे फोटो आधी काढा. वरचं झाकण ओढू नका, तिथला पुठ्ठा फाटतो. खालची पट्टी पातळ पात्याने सोडवा. आतला कागद घडीसकट बाजूला ठेवा. आणि खोकं टाकणार असाल तर मला पाठवा, टपालखर्च माझा.