शब्दचर्चा : 'जर-तरचा इतिहास', 'सांधा' आणि बार्शी लाईट

प्रश्न

आता नसलेल्या एखाद्या छोट्या रेल्वेचं मॉडेल करताना 'ती टिकली असती तर' असा इतिहास आधी लिहून काढतात आणि त्यावरून स्टेशनं, इंजिनं, डबे ठरवतात. अशा रचलेल्या इतिहासाला मराठीत काय म्हणावं? 'पर्यायी इतिहास' बरोबर आहे का? आणि खरा इतिहास सुटून कल्पना जिथे सुरू होते, त्या क्षणाला कोणता शब्द आहे? उदाहरण सोलापूर भागातल्या बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेचं घेऊ.

प्रतिसाद

'पर्यायी' नको. रस्त्याचं काम निघालं की 'पर्यायी मार्ग' अशी पाटी लागते, आणि तो मार्ग वळसा घालून मूळ रस्त्यालाच येऊन मिळतो. हा इतिहास परत येऊन मिळत नाही. 'बनावट' म्हटलं की फसवणूक आली. 'काल्पनिक' सैल आहे, त्यात पुराव्याचं बंधन दिसत नाही. 'जर-तरचा इतिहास' म्हणावं. 'इतिहासात जर-तरला स्थान नाही' हे सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं, त्यामुळे अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

प्रतिसाद

'जर-तरची बखर' कसं वाटतं?

प्रतिसाद

बखरकार 'असं घडलं' म्हणूनच सांगतो. इथे लिहिणारा आणि वाचणारा दोघांनाही ते घडलेलं नाही हे माहीत असतं. बखर नको.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रेल्वेतच आहे: सांधा. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा म्हणजे सांधा, आणि ती सांभाळणारा सांधेवाला. 'फाटा' शब्दात फक्त फुटणं आहे. सांध्यात जोडही आहे, कारण दोन्ही वाटा तिथे एकमेकींना बांधलेल्या असतात. म्हणून वळणाच्या क्षणाला सांधा आणि त्यानंतरच्या सगळ्या कल्पित भागाला फाटा म्हणावं. नियमही या शब्दातूनच निघतो: सांध्याच्या अलीकडचं, म्हणजे त्याआधी खरोखर घडलेलं, काहीही बदलायचं नाही.

बार्शी लाईटचा अलीकडचा भाग असा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली ही लाईन १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६२ मिलिमीटर, रूळ यार्डाला ३० पौंडांचे (मीटरला साधारण १५ किलो), कोणत्याही ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) भार ५ टनांपर्यंत. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली.

सांधा १९११ ला ठेवला, तर मिरजेचं काय करायचं ते तुमच्या हातात. ७६२ चा आकडा मात्र नाही. बहुतेक जण इथेच चुकतात. सांधा उशिराचा घेतात आणि त्याआधीचे रूळ गुपचूप जड करतात, कारण मोठं इंजिन आणायचं असतं. कॅलथ्रॉप यांच्या पहिल्या टाकी-इंजिनांना (पाण्याची टाकी इंजिनावरच असलेल्या) सहा ॲक्सल होते, म्हणजे ५ टनांच्या हिशेबाने पूर्ण वजन ३० टनांच्या वर जाऊ शकत नाही. त्याहून जड इंजिन हवं असेल तर आधी रूळबदलाचं वर्ष, लांबी आणि पैसा कुठून आला ते लिहा.

प्रतिसाद

'शाखा' हा शब्दही इथे टाळावा. शाखा म्हटली की खोड तेच. बार्शी लाईटची कंपनी वेगळी होती, जी.आय.पी.शी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला या मोठ्या रेल्वे कंपनीशी) गाठ पडायची ती कुर्डुवाडीत, आणि गेज वेगळं असल्यामुळे वाघिणीतला (मालडब्यातला) माल तिथे उतरवून दुसरीकडे चढवावा लागायचा. मॉडेलमध्ये कुर्डुवाडी असेल तर दोन्ही गेजांच्या मधला मालधक्का हवाच.

मापाचंही बघा. ९ मिलिमीटर गेजचा तयार मॉडेल-रूळ १:८७ प्रमाणात ७८३ मिलिमीटरचा होतो, २१ ने जास्त. तोच १:७६ मध्ये ६८४ चा होतो, म्हणजे ७८ ने कमी, आणि तो फरक डोळ्याला दिसतो. या रुळावर १:८७ च घ्यावं.

प्रतिसाद

सांध्यासाठी चांगली जागा: छोटी लाईन येडशीवरून लातूरकडे जायची, उस्मानाबाद (आजचं धाराशिव) बाजूला राहायचं. ते गाव रेल्वेवर आलं ब्रॉडगेजच्या वेळी. १९११ चा मार्गच गावातून नेला, तर एक मोठं स्टेशन हाती येतं.

तेव्हा शब्दही सांभाळा. बार्शी इंग्रजी मुलखात, उस्मानाबाद-लातूर मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. १९४८ पूर्वीच्या कल्पित कागदावर मोगलाईच्या बाजूला 'जकात' नाही, 'करोडगिरी' लिहायचं. तिथे सीमेवरच्या करवसुलीचं खातं त्याच नावाने ओळखलं जाई. स्टेशनजवळ करोडगिरीचा नाका दाखवला तर काळ आपोआप कळतो.

प्रतिसाद

प्रश्नातला 'टिकली असती तर' हा भागही तपासायला हवा. यंत्र 'बंद पडतं', निर्णय घेऊन मार्ग 'बंद करतात', आणि बार्शी लाईटचं तर 'गेज बदललं'. कुर्डुवाडी-लातूर आणि कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज हे मार्ग आजही ब्रॉडगेजवर चालू आहेत. संपल्या त्या दोन गोष्टी, वेगवेगळ्या वेळी: १९५४ ला कंपनी आणि या शतकाच्या पहिल्या दशकात नॅरोगेज.

कंपनी वाचवायची असेल तर सांधा १९५४ च्या आधी हवा, आणि पैशाचं कारण द्यावं लागेल. नॅरोगेज वाचवायचं असेल तर कुर्डुवाडीतली मालाची चढ-उतार परवडत राहिली कशी, हे सांगावं लागेल. दोन्ही हवं असेल तर दोन सांधे लिहा, एकाच सांध्यावर दोन्ही गाड्या वळवू नका.