मदत हवी आहे: इंग्रजी शब्द डोळ्यांना ओळखीचे, पण तोंडात बसत नाहीत

मंडळी, नमस्कार. मी सांगलीची. मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्यांकडे सहा वर्षं निर्यातीची कागदपत्रं बघते. शाळा तासगाव तालुक्यात, मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. पत्रव्यवहार मला व्यवस्थित जमतो. अडचण बोलताना येते.

गेल्या महिन्यात दुबईच्या खरेदीदारांशी व्हिडिओ कॉल होता. मालात भेसळ नाही, तपासणीचा अहवाल सोबत आहे, एवढंच सांगायचं होतं. 'अडल्टरेटेड' हा शब्द मी शेकडो वेळा टाइप केलाय. बोलताना मात्र 'ॲडल्ट' म्हणतात तसा सुरुवातीलाच जोर देऊन 'ॲडल्ट-रेटेड' म्हणाले. त्यांना त्यातलं 'रेट' तेवढं ऐकू आलं आणि ते दराबद्दल बोलायला लागले. मी तोच शब्द तीनदा तसाच सांगितला, शेवटी चॅटमध्ये स्पेलिंग लिहिलं. घरी आल्यावर शब्दकोशातला आवाज ऐकला तेव्हा कळलं, जोर 'डल्'वर हवा होता. त्या रात्री खूप वाईट वाटलं, कारण अर्थ, स्पेलिंग, वापर, सगळं मला येत होतं.

माझ्याकडे अकराशे शब्दांची वही आहे. शब्द, पुढे देवनागरीत उच्चार, मग मराठी अर्थ. आता ती वही उघडली की तिच्यावर विश्वास बसत नाही. एका पानावर 'ॲनलाइझ', 'अनॅलिसिस', 'ॲनलिटिकल' असे एकाखाली एक लिहिलेत. पहिल्यात जोर सुरुवातीला, दुसऱ्यात 'नॅ'वर, तिसऱ्यात 'लि'वर. एकाच घरातले तीन शब्द आणि जोर प्रत्येकात सरकलेला! मराठीत जोर इकडचा तिकडे झाला म्हणून शब्द अनोळखी होत नाही, त्यामुळे ही गोष्ट वहीत नोंदवायची असते हेच कधी सुचलं नाही. शिवाय नुसत्या वाचनातून आलेले काही शब्द मुळातच चुकीचे बसलेत. 'एपिटमी'ला मी कित्येक वर्षं 'एपिटोम' म्हणत होते, 'हायपर्बली'ला 'हायपरबोल'.

अर्थांचंही तसंच. 'मिटिगेट', 'अलीव्हिएट', 'सब्साइड', 'कर्टेल' या चौघांपुढे माझ्या वहीत एकच अर्थ आहे: कमी करणे किंवा होणे. मग वाक्यात कुठला घालायचा हे कळत नाही आणि मी पुन्हा 'रिड्यूस'वर येते.

तर विचारायचं असं, की देवनागरीत लिहायचं सोडून शब्दकोशातली ती उच्चारचिन्हं शिकावीत का? पस्तिशीत ती डोक्यात शिरतील का? ब्रिटिश की अमेरिकन, कारण एक स्पीकर 'शेड्यूल' म्हणतो, दुसरा 'स्केड्यूल'. आणि रोज दहा शब्द करते, पण महिन्याने निम्मे गेलेले असतात, त्याला काय करावं? क्लास लावणं शक्य नाही. हंगामात घरी यायलाच आठ वाजतात.

प्रतिसाद, साताऱ्याहून:

ताई, मी साताऱ्यात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. वही फेकू नका. तिच्यात जोराची खूण तेवढी घाला. शाळेत आपण वृत्त ओळखताना लघु-गुरूच्या खुणा करायचो ना, तशी जोराच्या सिलॅबलवर, म्हणजे शब्दाच्या एका दमात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यावर, आडवी रेघ मारा. (वृत्तातला गुरू आणि इंग्रजीतला जोर या वेगळ्या गोष्टी आहेत, खूण फक्त उसनी घ्यायची.) जोर नसलेला स्वर बहुतेक वेळा आपल्या आखूड 'अ'कडे झुकतो. उच्चारचिन्हांमध्ये तो उलट्या 'ई'सारखा दिसतो. ते एक चिन्ह आणि जोराच्या सिलॅबलआधीची उभी छोटी रेघ, एवढी दोनच आधी शिका. बाकीची हळूहळू ओळखीची होतात.

तुमच्या रोजच्या कामातला 'एक्स्पोर्ट' घ्या. नाम असेल तर जोर 'एक्स'वर, क्रियापद असेल तर 'पोर्ट'वर. 'रिजेक्ट', 'रेकॉर्ड' यांचंही तसंच. शेवटी '-शन', '-इटी' किंवा '-इक' असेल तर जोर बहुधा त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर पडतो: 'इन्फर्मेशन', 'इलेक्ट्रिसिटी', 'इकनॉमिक'. 'पॉलिटिक्स', 'अरिथ्मटिक' हे अपवाद आहेत, पण हा नियम खूप शब्द सांभाळतो. ब्रिटिश-अमेरिकनचा घोळ घालू नका. एक धरा, जोर बहुतेक शब्दांत दोन्हीकडे सारखाच असतो.

अर्थासाठी आपल्या भाषेकडे बघा. कृष्णेचा पूर ओसरतो, ताप उतरतो, राग निवळतो, गर्दी पांगते. ताप ओसरला म्हटलं तर चालून जाईल, पण गर्दी उतरली कुणी म्हणणार नाही. तुमच्या चार शब्दांनाही असेच जोडीदार आहेत. 'मिटिगेट'ला धोका किंवा नुकसान, 'अलीव्हिएट'ला दुखणं किंवा गरिबी, 'कर्टेल'ला खर्च आणि अधिकार. 'सब्साइड' आपोआप होतं, पूर आणि ताप दोन्ही. वहीत मराठी अर्थाशेजारी जोडीदार लिहा.

रोज दहा शब्द जास्त होतात. चार घ्या आणि पुन्हा भेटा: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलं होतं, की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, मग वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लगेच हवी. अर्थ झाकून आठवायचा, नुसता परत वाचायचा नाही.

प्रतिसाद, मिरजेहून:

सरांनी सांगितलंय त्यात एवढंच घालतो: फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून शब्दकोशातल्या आवाजाशेजारी ऐका. सुटा शब्द नको, पूर्ण वाक्य. मला माझी 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ची चूक अशीच सापडली. आपण दोन्हीला 'व'च म्हणतो. 'डब्ल्यू'ला ओठ गोल करायचे, 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

सर, दादा, मनापासून आभार. काल कामावरून येताना आयर्विन पुलावर थांबून 'अडल्टरेटेड'चं वाक्य वीस वेळा म्हटलं. 'डल्'वर जोर आता न ठरवता पडतो. आज वहीतल्या साठ शब्दांवर रेघा मारून झाल्या, त्यातले तेवीस मी चुकीच्या जागी म्हणत होते.

रेघा मारताना एक अडलं. 'कम्फर्टेबल' आणि 'व्हेजिटेबल' लिहिताना चार सिलॅबल दिसतात, पण रेकॉर्डिंगमध्ये मला तीनच ऐकू येतात. मधला स्वर गिळतात का? आणि तो कुठल्या शब्दांत गिळायचा, हे आधी कसं ओळखायचं?