मदत हवी आहे : करिष्मा ८ वरच ठेवणाऱ्या खेळाडूंचे काय करावे?

नमस्कार. म्हापशात आम्ही मित्रमंडळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या, पात्रांच्या भूमिका घेऊन फासे टाकत खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती मराठीतून खेळतो आणि खेळ चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. पात्र घडवताना मिळणारे २७ गुण सगळेच जण ताकद, चपळाई आणि काटकपणा यांवर खर्च करतात व करिष्मा, म्हणजे इतरांवर छाप पाडण्याची क्षमता, ८ या किमान आकड्यावरच ठेवतात, त्यामुळे मन वळवणे, फसवणे किंवा धाक दाखवणे यांसाठी टाकलेल्या प्रत्येक फाशातून एक वजा होतो. परवा वेशीवरच्या साध्या पहारेकऱ्याशी बोलायलाही कोणी पुढे झाले नाही. थेट तलवारी निघाल्या. लढाईइतकाच संवादही रंगावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. खेळाडू स्वतः छान बोलला, तर फासा न टाकताच यश द्यावे का, की तो मितभाषी खेळाडूंवर अन्याय ठरेल? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.