कोरोला आणि सिव्हिक: कोणत्या पिढीत आतून काय बदललं?

चौकस_चालक:
कोरोला १९६६ पासून आहे, सिव्हिक १९७२ पासून. पिढ्यांची माहिती शोधायला गेलं की दिवे, ग्रिल आणि लांबी-रुंदी एवढंच हाती लागतं. मला पत्र्याखालचं हवंय. ताकद पुढच्या चाकांना की मागच्या, सस्पेन्शन कसलं, टायमिंगला, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवायला, बेल्ट की चेन? जुनी गाडी बघताना आधी काय तपासायचं, तेही सांगा.

पानापक्कड:
कोरोलाचं सांगतो. पहिली गाडी १०७७ सीसीची, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. निस्सानची सनी तेव्हा ९८८ सीसीची होती, म्हणून टोयोटाने 'जास्तीचे १०० सीसी' हीच जाहिरात केली.

खरा सांधा बदलला १९८३ मध्ये. ई८० (हा त्या पिढीचा चॅसिस कोड) सेडानमध्ये इंजिन आडवं बसलं आणि ताकद पुढच्या चाकांकडे गेली. त्याच वर्षीची एई८६ कूपे मात्र मागच्याच चाकांवर चालत राहिली. त्यामुळे 'त्र्याऐंशीची कोरोला' एवढं सांगून सुटा भाग मागवू नका. गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत सगळं वेगळं आहे. चॅसिस कोडच्या पाटीवरूनच मागवा.

२००० च्या ई१२० पासून मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा, पीळ घेणारा दांडा आला. भाग कमी, डिकीला जागा जास्त, पण एका चाकाचा खड्डा दुसऱ्यालाही जाणवतो. २०१८ नंतरच्या पिढीत बहुतेक गाड्यांना पुन्हा स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं, आणि माझ्या मते गेल्या दोन दशकांतली कोरोलाची हीच सर्वांत मोठी सुधारणा.

इंजिनांत १झेडझेड-एफई नीट बघून घ्या. आधीच्या ४ए मालिकेत बेल्ट होता, यात चेन आली. पण सुरुवातीच्या पिस्टनमध्ये ऑइल रिंगमागची (ही रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा तेल खरवडते) तेल परत जाण्याची भोकं अपुरी होती. ती काजळीने बुजतात, रिंग जाम होते आणि इंजिन तेल खातं. काँप्रेशन टेस्टवर विसंबू नका: वरच्या रिंगा ठीक असल्या की आकडा चांगलाच येतो. दर १००० किमीला डिपस्टिक बघून किती तेल घटलं ते लिहून ठेवणं हीच खरी परीक्षा.

वरचा_गिअर:
सिव्हिक पहिल्या दिवसापासून पुढच्या चाकांवर, चारही चाकांना स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेलं सस्पेन्शन). १९७३ च्या अखेरीस जपानमध्ये सीव्हीसीसी आलं: मुख्य दहनकक्षाशेजारी एक छोटा कक्ष, त्याला तिसरा व्हॉल्व्ह. छोट्या कक्षात पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण पेटतं आणि ती ज्योत मोठ्या कक्षातलं पातळ मिश्रण पेटवते. याच्या जोरावर सिव्हिकने अमेरिकेचे १९७५ चे धुराचे नियम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय पाळले.

१९८७ च्या पिढीत डबल विशबोन (चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म) आलं, २००० मध्ये पुढे परत स्ट्रट. या मधल्या गाड्यांत मागच्या ट्रेलिंग आर्मचा (चाकाला पुढून धरणारा दांडा) मोठा रबरी बुश आधी बघा. तो फाटला की ब्रेक लावताना मागचं चाक दिशा बदलतं आणि टायर आतल्या कडेने झिजतो. बुश न बदलता नुसतं अलाइनमेंट केलं तर ते टिकत नाही.

१९८९ च्या बी१६ए मध्ये व्हीटेक (वरच्या आरपीएमला तेलाच्या दाबाने जास्त उंच कॅम जोडणारी यंत्रणा) आलं, १५९५ सीसीतून १६० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). वरच्या आरपीएमला उंच कॅम पकडत नसेल तर आधी तेलाची पातळी बघा, मग सॉलेनॉइडच्या (हे तेल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) गॅस्केटमधली बारीक जाळी. ती गाळाने भरली की पुढे दाब पोचत नाही. बेल्टचं म्हणाल तर साध्या सिव्हिकमध्ये चेन आली ती २००५ च्या पिढीतल्या आर१८ बरोबर.

चौकस_चालक:
बी१६ए चा बेल्ट बदलताना लोक कुठे चुकतात?

पानापक्कड:
मुख्यतः तीन ठिकाणी. हे इंजिन बेल्टच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून क्रँक पुलीचा बोल्ट सैल करायला पाना अडकवून स्टार्टर मारायची युक्ती इथे चालवू नका, बोल्ट आणखी आवळला जाईल. पुलीतल्या ५० मिमी षटकोनी खाचेत बसणारं पकडायचं हत्यार लागतंच.

दुसरं, पुलीवरची पांढरी खूण टीडीसीची (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) आणि लाल इग्निशन टायमिंगची, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेची. लालवर बेल्ट बसवला तर क्रँक आणि कॅमचा मेळ चुकतो.

तिसरा टेन्शनर. बेल्ट चढवून क्रँक पाच-सहा फेरे घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, टीडीसीवर आणा, टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा सैल करा. मग कॅम पुलीचे तीन दात सरकतील इतकं क्रँक त्याच दिशेने फिरवा आणि बोल्ट आवळा. पुन्हा खुणा जुळवून बघा. स्टार्टर मारण्याआधी दोन पूर्ण फेरे हातानेच द्या: कुठे कडक अडलं तर तिथेच थांबा, कारण या इंजिनात टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो.